कापसाचा भाव आणि मालकीचा हक्क



बाजारपेठ, मालमत्तेचा हक्क आणि शासकीय धोरण हे शब्द पाठ्यपुस्तकातले वाटतात. परंतु आपल्या मराठवाड्याने त्यांचा अर्थ कापसाच्या शेतात अनुभवला आहे.

महाराष्ट्र शासनाने 1971 मध्ये कायदा करून 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. हेतू निःसंशय चांगला होता. सुगीत भाव पाडणे, वजनात काटा मारणे, गरजू शेतकऱ्याची अडवणूक करणे ही व्यापाराची काळी बाजू होती. हमी भावाने शेतकऱ्यास आधार मिळाला, हे आपण व्यापाऱ्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

तथापि, राज्यातील कापसाला एकच खरेदीदार उरला. सातबारा शेतकऱ्याचा, कष्ट त्याचे, कापूसही त्याचाच. पण तो कोणाला विकावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. मालकी म्हणजे केवळ वस्तू जवळ असणे नव्हे. ती विकण्याचे वा न विकण्याचे स्वातंत्र्य हेही मालकीचेच अंग आहे.

भाव हा मागणी आणि पुरवठा यांचा निरोप असतो. तो दाबून टाकता येत नाही. शेजारच्या राज्यात भाव चढला की आपला कापूस चोरवाटेने सीमेपार जाई. तिकडे उतरला की तिकडचा कापूस आपल्या खरेदी केंद्रांवर येई. भाव ठरविताना बाजारापेक्षा राजकारणाचा विचार होऊ लागला. तोटा वाढला, चुकारे लांबले. अखेर 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्यांनाही खरेदीची मुभा मिळाली.

मग बाजार मोकळा झाला म्हणजे सर्व प्रश्न सुटले काय? मुळीच नाही. पडत्या भावात आधारभूत किमतीची खरेदी, प्रमाणित वजनकाटे आणि व्यवहारात तंटा झाल्यास त्वरित न्याय, ही शासनाचीच कर्तव्ये आहेत. शासनाने पंच व्हावे. एकमेव गिऱ्हाईक होऊ नये.

आणि आपले कर्तव्य? खोटे माप व भेसळ हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार मानले आहेत. व्यापाऱ्याचा काटा खरा असेल, तर निर्बंधांची मागणी कोण करील? बाजाराचे स्वातंत्र्य टिकते ते गिऱ्हाइकाच्या विश्वासावर. तो विश्वास आपल्या पुढील पिढीने दुकानाच्या गल्ल्याइतकाच जपावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!