एका शरीराचे अवयव : मुळशीचा दाखला



संस्था म्हटली कीं आपण तिची घटना, पदाधिकारी व जमाखर्च यांजकडे पाहतों. आम्हांस मात्र संत पौलानें करिंथकरांस लिहितांना योजलेली शरीराची उपमा अधिक खरी वाटते. तींत एका अवयवाचें दुखणें साऱ्या शरीराचें होतें. तिचा दाखला आपल्याच मुळशी खोऱ्यांत आहे.

मुळेवर धरण बांधून तें पाणी घाटाखालीं भिरा येथें सोडावयाचें व त्याच्या जोरावर मुंबईसाठीं वीज उत्पन्न करावयाची, अशी टाटांची योजना होती. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम कांहीं महिने तहकूब झालें.

भरपाई मिळावयाची ती खात्यावरील नांवास. परंतु गांव म्हणजे खात्यांची बेरीज नव्हे. भाताच्या खाचरांवर कूळ जगे. खळ्यावरील बलुत्यावर लोहार, सुतार, कुंभार जगत. लोहाराचा भाता थंडावला तर कुळाचा नांगर अडे. ज्याच्या नांवें एक गुंठाहि नाहीं, त्या लोहाराचें जें गेलें तें कोणत्या रकान्यांत मांडावयाचें?

सत्याग्रहाची मंडळीहि एक शरीरच होती, आणि तें कोठें दुबळें आहे हें लवकरच कळलें. पुष्कळ जमिनींचे कागदोपत्रीं मालक पुण्याचे सावकार होते. त्यांतील बहुतेकांस भरपाई पुरेशी वाटली; नांगर धरणाऱ्यास वाटली नाहीं. रक्ताचा ओघ तेथेंच तुटला. सेनापति बापटांनीं वारंवार तुरुंगवास पत्करला, विनायकराव भुस्कुटे झटले, तरी १९२४ अखेर लढा संपला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. कोणी याचा दोष बापटांच्या हट्टास देतात, तें आम्हांस पटत नाहीं. हातपाय निराळ्या वाटेनें निघाल्यावर एकट्या मस्तकानें काय करावें?

आज याच तालुक्यांत हिंजवडीच्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या निमित्तानें आलेलीं नानाभाषी कुटुंबें आपल्या धर्मग्रामांत मिसळलीं आहेत. जुबिलीच्या स्मरणिकेसाठीं झालेल्या यादींत वर्गणीदारांचीं नांवें आहेत. दर शनिवारीं वेदीपुढची जागा झाडणाऱ्या बाईंचें नांव आम्हीं तींत शोधलें, सांपडलें नाहीं. यादी करणारांत आम्हीहि होतों. ती छापखान्यांत जाण्यास अजून आठवडा आहे.