फोटो नाही, पण बिबट होता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'गावात आलेले रान' हा विषय दिला आहे. आपल्या अमरावतीला तो परका नाही. वडाळी व छत्री तलाव, त्यांच्या पाठीशी पोहरा-मालखेडचे जंगल, आणि विद्यापीठाचा परिसरही त्या रानाला लागूनच. तिथे बिबट फिरतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

मागच्या श्रावणात दिवेलागणीला मी आणि सूनबाई त्या बाजूने घरी येत होतो. कुंपणाच्या भिंतीवर तो उभा! सूनबाईने पिशवीतून फोन काढेपर्यंत पलीकडे उतरलाही. फोटोत नुसती भिंत आली. शेजारीपाजारी सांगितले, तर जो तो विचारी, "फोटो कुठे आहे?" नाही म्हटल्यावर "कुत्रा असेल, बोका असेल," असे ठरले. पहाटे त्याच वाटेने शिकवणीला जाणाऱ्या मुलांचा घोर मला लागलेला, आणि माझे बोलणे कोणी मनावर घेईना.

पण बिबट आपली सही मागे ठेवून जातो. सकाळी चिखलात ठसे सापडले. बिबट चालताना नख्या आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. वनखात्याच्या माणसाने ठसा पाहिला आणि वाद मिटला. मुले दुसऱ्या वाटेने जाऊ लागली.

आणि फोटो का इतका सोपा असतो? मुंबईच्या आरे वसाहतीत नयन खानोलकरांनी टिपलेल्या बिबटाच्या छायाचित्राला २०१६ साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. त्यासाठी कॅमेरा लावून त्यांनी चार महिने वाट पाहिली होती! मग आपल्याला दोन पळांत कसा मिळावा?

तेव्हा बायांनो, बिबट दिसला तर फोटोसाठी मागे धावू नका, गर्दी करू नका. घेरलेले जनावर अंगावर येते. मुलांना घरात घ्या आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा. शिळेपाके उघड्यावर टाकू नका. उकिरड्यावर कुत्री-डुकरे जमतात, आणि त्यांच्या मागाने बिबट येतो. हे काम तर सर्वस्वी आपल्या हातचे आहे.

आणि उद्या एखादी शेजारीण म्हणाली, "मी बिबट पाहिला," तर फोटो मागण्याआधी तिच्याबरोबर ठसे पाहायला चला.