कॉफीचे पाणी आणि करणाऱ्याचा हात



वसंतातल्या या व्याख्यानांत आपण वाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांना ऐकता. त्यांच्या पंक्तीला कामगार चळवळीतला एक माणूस येऊन बसतो आणि कॉफीच्या पाण्याविषयी बोलू लागतो, हे थोडे विचित्रच आहे. पत्रिका वाचून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, "काय भाऊ, मोर्चे संपले आणि हॉटेल टाकले की काय?" मी म्हटले, "ऐकायला ये, मग सांगतो."

माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तथापि आजचा विषय मला पुस्तकाने दिलेला नाही. तो एका खातेनिहाय चौकशीत माझ्यासमोर आला.

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षे चहा-कॉफी करणाऱ्या एका माणसावर आरोप ठेवला गेला. दुपारच्या पाळीला कॉफी कडू आणि आंबट लागते. अर्थी हा पुडीत चोरी करतो, वापरलेला चोथाच पुन्हा उकळतो, असे आरोपपत्रात लिहिले होते. त्याचा प्रतिनिधी म्हणून मी उभा राहिलो. मी त्याला खासगीत विचारले, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, कॉफी मी सकाळी एकदाच करतो. ती दुपारपर्यंत पिंपात खदखदत ठेवायचा हुकूम आहे. विस्तव कमी केला तर बोलणी बसतात. ती मरते हे मला कळते. पण माझे ऐकतो कोण?"

'ती मरते' हा त्याचा शब्द मी घरी घेऊन आलो आणि वाचू लागलो. वाचता वाचता असे आढळले, की त्या माणसाचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

भाजलेल्या कॉफीच्या पुडीत शेकडो पदार्थ असतात, आणि पाणी ते सगळे एकाच वेगाने विरघळवीत नाही. आधी येतात आंबटपणा देणारी आम्ले आणि सुवासाचे द्रव्य. मग गोडसर, भरीव चव. आणि शेवटी, रेंगाळत, कडवट आणि तुरट अंश. पाणी जितके गरम, तितकी ही मिरवणूक वेगाने बाहेर पडते. एकट्या कॅफीनचे उदाहरण घ्या. साध्या पाण्यात, १०० मिलिलिटरला, ते सुमारे २ ग्रॅम विरघळते. उकळत्या पाण्यात ६० ग्रॅमहून अधिक. मात्र कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच. बराचसा कडूपणा भाजताना तयार झालेल्या इतर पदार्थांचा असतो.

अमेरिकेत १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने या गोष्टीचे मोजमाप केले. पुडीच्या वजनापैकी १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला म्हणजे कॉफी लोकांना रुचते. त्याहून कमी तर ती आंबट आणि पोकळ, अधिक तर कडू. त्यासाठी पाणी साधारण ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असा दंडक पुढे रूढ झाला.

तो दंडकही डोळे झाकून मानू नये. २०२० साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ८७, ९० आणि ९३ अंशांच्या पाण्याने कॉफी केली, परंतु दळण आणि वेळ अशी जुळवली की पुडीतून उतरलेला अंश तेवढाच राहावा. चाखणाऱ्यांना तिन्हींत फारसा फरक जाणवला नाही. याचा अर्थ उष्णता निरर्थक आहे असा नव्हे. उष्णतेचे काम ओढून काढण्याचे; किती ओढावे आणि कुठे थांबावे, हे ठरवायचे ते करणाऱ्याने.

आता पिंपाकडे वळू. गाळून झालेली कॉफीसुद्धा विस्तवावर स्वस्थ बसत नाही. तिचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. आणि भाजताना तयार झालेले काही पदार्थ गरम पाण्यात तासन्‌तास राहिले, म्हणजे फुटून त्यांचे आम्ल होते. म्हणून दुपारची कॉफी आंबट आणि कडू, दोन्ही लागत होती. पूड चोरण्याची त्यासाठी काही गरज नव्हती!

चौकशी अधिकाऱ्यांपुढे मी दोनच पेले ठेवले: एक सकाळच्या पिंपातला, दुसरा त्याच पुडीचा नुकताच केलेला. त्यांनी दोन्ही घोट घेतले. आरोप मागे घेतला गेला आणि कॉफी दिवसातून तीनदा ताजी होऊ लागली. ती गोष्ट मी पुढे नेणारच आहे. पण त्याआधी घरातल्या भगिनींना आणि, हल्ली स्वयंपाकघरात पाऊल टाकू लागलेल्या, बंधूंना उपयोगी पडेल असे थोडे सांगतो.

आपले नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. उंची ३०० मीटरने वाढली की पाणी साधारण एक अंश आधी उकळते. म्हणून आपल्याकडे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. आता शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चला. चिखलदरा, आपल्या विदर्भातले थंड हवेचे ठिकाण, महाराष्ट्रात कॉफीच्या लागवडीसाठी ओळखले जाते. त्याची उंची सुमारे १,१०० मीटर. तेथे पाणी साधारण ९६ अंशांना उकळते. म्हणजे जिथे कॉफी पिकते, तिथले उकळते पाणी आयतेच दंडकात बसते! आपल्याला मात्र हे तीन अंश हाताने उतरवावे लागतात.

आपल्या मराठी घरांत कॉफीची पूड, साखर, दूध, पाणी सगळे एका पातेल्यात घालून चांगले रटरटवण्याची रीत आहे. वर जायफळ. जायफळ हवेच, परंतु अर्धे जायफळ कडूपणा झाकण्यात खर्ची पडते असा माझा तर्क आहे. त्याऐवजी असे करून पाहा. १५० मिलिलिटर पाण्याला ८-९ ग्रॅम जाडसर पूड घ्या. पाणी उकळून गॅसवरून उतरवा. पुडीचे भांडे गरम पाण्याने विसळलेले असेल, तर अर्धा-पाऊण मिनिट थांबून ओता; भांडे थंड असेल तर लगेच ओता, कारण धातू स्वतःच काही अंश खाऊन टाकतो. झाकण ठेवा, चार मिनिटांनी गाळा, आणि दूध वेगळे तापवून मिसळा. जायफळ शेवटी. पूड फार काळी भाजलेली असेल तर पाणी आणखी थोडे निवू द्या. फिकी भाजलेली असेल तर थांबू नका. तमिळ शेजाऱ्यांकडचा पितळी फिल्टर पाहा: पाणी एकदा ओतले, की त्याखाली पुन्हा विस्तव लागत नाही.

घरात उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पाण्याला कान द्या. तापू लागले की ते गुणगुणते, आवाज वाढतो, आणि पूर्ण उकळण्याच्या आधी तो आवाज एकदम मऊ होतो. माझे वडील गिरणीत बाष्पकावर होते. आमच्या घरी चहाचे पाणी ते कानानेच पाहत. हे ज्ञान त्यांना कोणत्या विद्यालयाने दिले नव्हते.

आणि इथेच मला माझ्या मूळ गोष्टीकडे यायचे आहे. तो कॅन्टीनचा माणूस निर्दोष ठरला. परंतु त्याच्या पगारपत्रकावर 'अकुशल' असा शब्द होता. तो बदलून घेण्यासाठी मी दोन वर्षे भांडलो. मला उत्तर मिळाले, "पाणी तापवण्यात कसले आले कौशल्य?" ती लढाई मी हरलो. तो माणूस अकुशल म्हणूनच निवृत्त झाला.

अशा उत्तराला इतिहासाने मात्र एकदा प्रत्युत्तर दिले आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटजवळ पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ती देशभर चालवली आणि १९५० च्या दशकात बंद करायला काढली. वाढपी, आचारी, किटली धरणारे, सगळे रस्त्यावर येणार होते. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला, आणि पुढे ज्या शहरांत अशा संस्था झाल्या त्यांत आपले नागपूरही होते. किटल्या त्याच, हातही तेच. मालक तेवढे बदलले. ज्यांना पाणी तापवणारे म्हणून हिणवले, त्यांनी तो धंदा पुढे कित्येक दशके चालवून दाखवला.

तेव्हा उद्या सकाळी कॉफी करताना गॅस वेळेवर बंद करा, एवढे माझे पहिले मागणे. दुसरे असे: कुणी तुमच्यासमोर चांगल्या कॉफीचा पेला ठेवला, तर करणाऱ्याला विचारा, "पाणी कधी उतरवलेत?" तो जे सांगेल ते नीट ऐका. ते कौशल्य आहे. आणि त्याला त्याच नावाने हाक मारणे, ही न्यायाची पहिली पायरी आहे.