उंचीचे माप आणि कर्तृत्वाचे माप



शाळेत प्रार्थनेच्या रांगेत अल्प उंचीचे मूल सर्वांत पुढे उभे केले जाते. खेळाच्या तासाला मात्र तेच मूल बहुधा मैदानाच्या कडेला बसलेले आढळते. त्याला कोणी मज्जाव केलेला नसतो. फक्त कोणी बोलावलेले नसते. भालाफेकपटू नवदीप सिंग यांची वाटचाल या दृष्टीने मननीय आहे.

हरयाणातील पानिपत जिल्ह्यात, बुआना लाखू या गावच्या कुटुंबात, २००० साली त्यांचा जन्म झाला. वडील ग्रामसचिव आणि स्वतः कुस्तीगीर. घरातूनच मुलाला मैदानाची वाट दाखविली गेली. प्रथम कुस्ती, मग धावणे असे खेळ नवदीप यांनी हाताळले. २०१२ साली त्यांना राष्ट्रीय बालपुरस्कार लाभला. पानिपत जिल्ह्यातीलच नीरज चोप्रा यांनी २०१६ मध्ये वीस वर्षांखालील गटात जागतिक विक्रम केला. त्या उदाहरणाने प्रेरित होऊन नवदीप भाल्याकडे वळले.

त्यांची उंची सुमारे चार फूट चार इंच. पॅरा अॅथलेटिक्समध्ये अल्प उंचीच्या खेळाडूंसाठी एफ-४० व एफ-४१ असे दोन वर्ग असून पुरुषांच्या एफ-४१ वर्गात उंचीची कमाल मर्यादा १४५ सेंटिमीटर आहे. उंचीबरोबर हाताची लांबीही मोजतात. येथे भाला ६०० ग्रॅमचा असतो. हे माप कोणाला हिणवण्यासाठी घेतलेले नसते. बरोबरीच्यांशी बरोबरीने लढता यावे, एवढाच त्याचा हेतू असतो.

यश मात्र सहजी आले नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ४०.८० मीटर फेक करूनही ते चौथे आले आणि पदक हुकले. २०२४ मध्ये कोबे येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पॅरिस येथे त्यांची पहिली फेक बाद ठरली, तिसरी ४७.३२ मीटरवर गेली. इराणच्या सादेग बेत सायाह यांची फेक याहून लांब होती. परंतु शिस्तभंगामुळे ते अपात्र ठरले आणि सुवर्णपदक नवदीप यांना मिळाले. ही फेक टोकियोपेक्षा साडेसहा मीटरने सरस होती. ती कमाई सर्वस्वी त्यांची स्वतःची. पुढे अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला, आणि २०२५ मध्ये नवी दिल्ली येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक पटकाविले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या एकवीस प्रकारांत खुजेपणाचा समावेश आहे. प्रौढ वयात १४७ सेंटिमीटर वा त्याहून कमी उंची, ही त्याची व्याख्या. दिव्यांगांचा क्रीडाक्षेत्रातील सहभाग वाढविणे, हे याच कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. तथापि कायद्याची अंमलबजावणी अखेर गावातच व्हायची असते. असे मूल दिसताच त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी ग्रामपंचायतीने करावी, अधिकाऱ्यांनी ते वेळेवर मिळेल असे पाहावे, आणि शिक्षकांनी त्याला टोपणनावाने नव्हे, तर त्याच्या नावाने मैदानात बोलवावे.

प्रत्येक मूल पदक आणील असे नाही. परंतु भाला किती लांब जातो, हे तो हाती दिल्याखेरीज कसे कळणार?