जुन्या मोटारीच्या एंजिनाचा शक्तिमापन-अहवाल



इंदूरचा आणि मोटारींचा संबंध जुना आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात घेतलेल्या मोटारींत ड्यूसेनबर्ग कंपनीची एक ‘एसजे’ मोटार होती. तिचे एंजिन व चॅसिस अमेरिकन, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली. आठ सिलिंडरांच्या, ६.९ लिटरच्या त्या एंजिनाची शक्ती कंपनीने ३२० अश्वशक्ती सांगितली होती. ती मोटार पुढे देशाबाहेर गेली. मात्र त्या काळच्या इतर मोटारी जपणारे मालक आहेत, आणि त्यांची पंचाईत सहसा एकच असते. मोटार डायनामोमीटरच्या रुळांवर चढते, कागदावर माहितीपुस्तिकेपेक्षा पुष्कळ कमी आकडा उमटतो, आणि एंजिन थकले असे समजून सिलिंडर बोअर केले जातात. मूळचे लोखंड एकदा कापले की ते परत येत नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, डायनामोमीटर अश्वशक्ती मोजत नाही. तो टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, मोजतो. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले असता किलोवॅट मिळतात. सुपरचार्जर नसलेल्या ‘जे’ एंजिनाची २६५ अश्वशक्ती ४,२०० फेऱ्यांवर सांगितली जाई. तिचा टॉर्क सुमारे ४४९ न्यूटन-मीटर होतो. परंतु असे जुने अमेरिकन आकडे बहुधा सुट्या एंजिनाचे असत. सायलेन्सर, पंखा वगैरेंचा भार त्यांत नसे. भारासह आकडे देण्याची पद्धत तेथे १९७२ च्या सुमारास रूढ झाली. रुळांवर तर चाकांपर्यंत पोहोचलेली शक्तीच मोजली जाते. गिअरबॉक्स, मागचा आस आणि टायर यांनी आपला वाटा आधीच घेतलेला असतो. तो वाटा सरसकट पंधरा टक्के धरण्याची सवय सोयीची खरी, पण तिला आधार थोडा.

इंदूरच्या बाबतीत हवेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने हवेचा दाब जवळजवळ सहा टक्के कमी असतो. समुद्रकाठी १५ अंशांच्या हवेत शंभर अश्वशक्ती देणारे साधे एंजिन येथे चौऱ्याण्णवच्या आसपास, आणि मे महिन्यातील चाळीस अंशांच्या दुपारी नव्वदच्या आसपास देईल. यात एंजिनाचा दोष नाही. यंत्र ही तूट गणिताने भरून काढते. पण त्याला दाब कोणता सांगितला, हे विचारले पाहिजे. हवामानवार्तेतील दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. तोच यंत्रात भरला, तर इंदूरच्या हवेची भरपाई होतच नाही, आणि निरोगी एंजिन सहा टक्क्यांनी आजारी ठरते. दुरुस्तीचे मानकही पाहावे: जुन्या अमेरिकन मानकाने काढलेला आकडा नव्यापेक्षा सुमारे चार टक्के मोठा येतो. दोन अहवालांतील फरक कित्येकदा एवढाच असतो!

यानंतर आकडा बाजूला ठेवून वक्ररेषा पाहावी. टॉर्कची रेषा सर्वत्र सारखीच खाली असेल, तर इग्निशनची वेळ आणि कॉम्प्रेशन तपासावे. वरच्या फेऱ्यांवर ती अचानक कोसळत असेल व त्याच वेळी मिश्रण विरळ होत असेल, तर पेट्रोल पुरत नाही; पंप, गाळणी व कार्ब्युरेटर पाहावेत. रेषा थरथरत असेल, तर ठिणगी चुकते आहे किंवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत. ‘एसजे’सारख्या केंद्रोत्सारी सुपरचार्जरच्या एंजिनाचा न्याय मात्र निराळा. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर मदत नाममात्र दिसली, तरी ती बिघाडाची खूण नव्हे.

सिलिंडरांना हात लावण्यापूर्वी कॉम्प्रेशनची व गळतीची चाचणी एंजिन न उघडता होते. तीही समाधानकारक असेल, तर त्याच रुळांवर, त्याच गिअरमध्ये, टायरांत तितकीच हवा भरून आणि तेल तितकेच तापवून तीन चाचण्या घ्याव्यात. तिन्ही रेषा एकमेकींवर बसल्या, तर तो कागद जपून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या चाचणीची तुलना माहितीपुस्तिकेशी न करता त्या कागदाशी करावी.