रेकेस्विंथ राजाचा मुकुट आणि कायदा

माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात सोन्याचा एक रत्नजडित मुकुट आहे. १८५८ साली तोलेदोजवळ ग्वार्रासार येथे सापडलेला हा मुकुट मस्तकी धारण करण्यासाठी नव्हता. तो देवाला वाहिलेला होता. त्याखाली लोंबणारी अक्षरे दात्याचे नाव सांगतात : राजा रेकेस्विंथ.

पित्याच्या निधनानंतर इ. स. ६५३ ते ६७२ पर्यंत या व्हिसिगॉथ राजाने स्पेनवर एकट्याने राज्य केले. त्याचे खरे स्मारक मात्र सोन्याचे नाही. ६५४ च्या सुमारास त्याने बारा भागांची विधिसंहिता जारी केली. जेते गॉथ आणि जित रोमन यांना एकच कायदा लागू झाला. राजसत्ताही कायद्याच्या अधीन आहे, असे तीत स्पष्ट नमूद होते.

परंतु याच संहितेने ज्यू प्रजेला तिचे सण, विवाहविधी व सुंता यांची मनाई केली. दोन समाजांना जवळ आणणाऱ्या कायद्याने तिसऱ्याला दूर लोटले.

७११ मध्ये अरब व बर्बर सैन्यापुढे ते राज्य कोसळले. संहिता मात्र टिकली. तेराव्या शतकात तिचे कास्तिलियन भाषांतर झाले आणि तिसऱ्या फेर्नांदो राजाने ती कोर्दोबा नगरास लागू केली. रेकेस्विंथाचा न्याय आणि अन्याय, दोन्ही तिच्याच पानांवर आजही वाचावयास मिळतात.