मोबाईलमधलं पुस्तक कागदावर

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बचत गटवाल्या. आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका, कॉम्प्युटर आम्हालाही येत नाही. आम्ही बी.ए. झालेल्या, त्यातही हिशोबाची वही हाताने लिहिणाऱ्या.

झालं असं, की एका बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "थोरलीचं कॉलेज बंद करावं म्हणते. रात्र रात्र मोबाईलवर असते. सासूबाई रोज बोलतात."

थोरली कॉम्प्युटर सायन्सला आहे. तिला पायथॉन नावाची भाषा शिकायची आहे. ही भाषा बोलायची नाही, कॉम्प्युटरला काम सांगायची. तिची सगळी माहिती नेटवर. घरात चांगला फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडील रांजणगावला कंपनीत पाळीला जाताना तो घेऊन जातात. रात्री ते जेवून आडवे झाले की फोन तिच्या हातात येतो. तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. आणि घरच्यांना दिसतं काय? अंधारात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली मुलगी.

आम्ही तिला म्हटलं, दाखव बरं काय बघतेस. तिने दाखवलं. बारीक इंग्रजी अक्षरं, चित्र नाही, गाणं नाही. पायथॉन ज्यांनी बनवली त्यांनीच लिहिलेली ती माहिती होती. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, हे तर पुस्तकच आहे. फक्त कागद नाही." तिथून आम्ही कामाला लागलो. पुस्तक हातात असलं की घरातले म्हणतात अभ्यास करतेय, आणि तेच मोबाईलवर वाचलं की म्हणतात बिघडली. हे बरोबर नाही, पण आहे असं.

पहिल्यांदा आम्ही चुकलोच. मोबाईलवरचा मजकूर उचलला, झेरॉक्सच्या दुकानात दिला. तिथल्या दादांनी मन लावून काम केलं. पत्रिका करतात तसा सगळा मजकूर डाव्या कडेला सरळ रेषेत आणला, अवतरणचिन्हं छान वळणदार केली. पानं देखणी झाली. मुलीने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्यातला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप केला, तर एकही चालेना.

तेव्हा कळलं, की पायथॉनमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागासुद्धा बोलते. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे त्या जागेवरून ठरतं. साधारणपणे चार जागा सोडून आतली ओळ लिहितात. ती जागा गेली की अर्थच गेला. वळणदार अवतरणचिन्हही कॉम्प्युटरला कळत नाही, त्याला साधं सरळच लागतं. आम्ही स्वयंपाकाच्या वहीत चुकून मिठाचं माप गाळलं तर जे होईल, तेच झालं.

मग मुलीच्याच एका शिक्षिकेने वाट दाखवली. पायथॉनवाले स्वतःच सगळी माहिती उतरवून घ्यायला देतात. छापायची पीडीएफ आहे, मोबाईलवर नेट नसताना वाचायची ईपब आहे, आणि वेबसाइटसारखीच उघडणारी गठडीही आहे. सगळं फुकट. नवशिक्यांसाठीचा भाग, त्याला ट्युटोरियल म्हणतात, तो दीडशे पानांच्या आसपास. पाठपोट छापला की पंचाहत्तरेक कागद. शेवटी शब्दांचे अर्थ आणि सूचीही असते, त्यामुळे हवी ती गोष्ट सापडते. मोठा संदर्भग्रंथ मात्र दोन हजार पानांच्या घरातला, तो छापायच्या भानगडीत पडू नका. तो पेनड्राइव्हवर ठेवावा.

पैशाचा विषय गटात निघाला तेव्हा दोघी-तिघींनी नाक मुरडलं. शेळीला कर्ज, शिलाई मशीनला कर्ज, ते समजतं. कागदाला कसलं कर्ज? आणि पुस्तकं करणं हे काय बायकांचं काम? यावर दौंडकडच्या एका मावशीने उत्तर दिलं. त्या केडगावच्या. म्हणाल्या, "आमच्या गावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. मुली खिळे जुळवायच्या, छापायच्या." खरं आहे ते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या. ते बायबल तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी एवढा ग्रंथ उभा केला, आणि आपण पंचाहत्तर कागदांना भितो? अंतर्गत कर्ज मंजूर झालं. दोन प्रती काढल्या, एक शिरूरसाठी, एक दौंडसाठी. वापरणाऱ्या मुली दर आठवड्याला पाच रुपये भरतात.

आता ज्यांना असं करायचं असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. कोणाच्याही पैसे घेणाऱ्या क्लासच्या नोट्स छापू नका, ती चोरी होते. पायथॉनची माहिती छापायला परवानगी आहे, पण मालकी हक्काचं पान पुस्तकात राहू द्या, जागा वाचवायला गाळू नका. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू नका, पीडीएफ जशी आहे तशीच छापा. कागदावर 'इथे बोट लावा' चालत नाही. मुलींनी अशा जागी पेन्सिलीने पान क्रमांक लिहिले, दोन रविवार गेले त्यात. आणि मुखपृष्ठावर आवृत्ती आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. दौंडच्या एका मुलीकडे चुलत भावाचं जुनं पुस्तक होतं, त्यात प्रिंट या शब्दापुढे कंस नव्हते. ते पायथॉन २ चं निघालं. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. नव्या आवृत्तीत कंस नसेल तर प्रोग्राम चालत नाही. ती बिचारी आठवडाभर स्वतःलाच ढ समजत होती.

आणखी एक गंमत मुलींना सापडली. कॉम्प्युटरवर पायथॉन असेल तर माहिती त्याच्या पोटातच असते. हेल्प लिहून कंसात शब्द टाकला, की नेट नसतानाही तो त्याचा अर्थ सांगतो.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे. त्यात कॉम्प्युटरचे बरेच विषय साधारण दहा-दहा मिनिटांच्या धड्यांत मराठीतूनही ऐकायला मिळतात, आणि ते उतरवून ठेवता येतात. कॉलेजात नेट असतं तेव्हा मुली ते पेनड्राइव्हवर घेतात. पण पुस्तकातलं इंग्रजी अडतंच. म्हणून प्रत्येक प्रकरणापुढे आम्ही कोरे कागद बांधून घेतले, आणि मुली त्यावर आपल्या भाषेत लिहितात. एकीने 'फॉर लूप'पुढे लिहिलंय, "पंगतीत वाढणं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक पानावर तेच." 'व्हाइल लूप'पुढे, "परातीत पीठ आहे तोवर भाकरी थापत राहा." त्याखाली दुसरीने लिहिलंय, "आणि पीठ संपतंय की नाही ते बघ, नाहीतर जन्मभर थापत बसशील." हे वाचून आम्हालाही लूप कळला, खोटं कशाला सांगा.

आपल्या शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायची ती शाळा. तिथे २००२ साली फॅब लॅब झाली, अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठाच्या मदतीने. म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगून वस्तू घडवणं आपल्या तालुक्याला नवं नाही. आमच्या काही मुलींना तिथे जाऊन बघायचं आहे. एसटीची वेळ जुळवतोय.

त्या थोरलीचं कॉलेज चालू आहे. सासूबाई अजून बोलतात, पण आता "दिव्याखाली बस, डोळे जातील" असं बोलतात. तिने गटाच्या व्याजाचा हिशोब करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांचं व्याज दुप्पट दाखवलं आणि बैठकीत आरडाओरड झाली. आता दुरुस्त झालाय. तरी वही आम्ही बंद केलेली नाही.

पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते. दिवाळीच्या सुट्टीत मुली बसून काय बदललं ते बघणार, आणि तेवढीच पानं बदलणार. शिरूरची प्रत सोमवारच्या बैठकीला परत येईल. तिच्यासाठी चार मुली नंबरात आहेत. दौंडची प्रत सध्या मोकळी आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव द्यावं, आणि पाच रुपये सुटे आणावेत.